पानाच्या कुशीतला स्वर्गपक्षी

फुलांच्या दुकानांत पुष्पगुच्छाच्या मध्यभागी मान उंचावून बसणारे, केशरी-निळ्या रंगाचे बर्ड ऑफ पॅराडाइज अर्थात स्वर्गपक्ष्याचे फूल ज्याने एकवार जवळून पाहिले, त्याला ते आपल्या अंगणात फुलावे अशी अभिलाषा उत्पन्न झाल्यावाचून राहत नाही; परंतु हौसेने आणलेले रोप वर्षामागून वर्षे नुसती पानेच वाढवीत राहिले, की दोष कधी जमिनीला, कधी हवेला, तर कधी रोप विकणाऱ्याला दिला जातो. वस्तुतः या झाडाच्या बहुतेक तक्रारींचा खुलासा त्याच्या मूळ मुलखात आणि त्याच्या शरीररचनेतच सापडतो, आणि तो ध्यानी घेतला म्हणजे त्याचे संगोपन मुळीच बिकट राहत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ईस्टर्न केप आणि क्वाझुलू-नाताल या प्रांतांत, नदीकाठी व समुद्रालगतच्या झुडुपांत, भरपूर उजेडात आणि निचऱ्याच्या जमिनीत हे झाड आपोआप वाढते. इंग्लंडातील क्यू येथील राजोद्यानाने वनस्पतिसंग्रहाच्या कामगिरीवर केपकडे रवाना केलेल्या फ्रान्सिस मॅसन यांच्या खटपटीने ते १७७३ साली क्यूला पोचले. आणि तिसऱ्या जॉर्ज राजाची पत्नी शार्लट ही जर्मनीतील मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झ घराण्याची कन्या असल्यामुळे, तिच्या सन्मानार्थ जोसेफ बँक्स यांनी त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेलिट्झिया रेजिनी असे मुक्रर केले.

निगेचा विचार करण्यापूर्वी आपण आणलेले झाड नेमके कोणते, याची खातरजमा करून घेणे अगत्याचे आहे. सावली आणि सततचा ओलावा मानवणारा हेलिकोनिया पुष्कळदा बर्ड ऑफ पॅराडाइज याच नावाने खपविला जातो. आपल्या परिचयाच्या शंकासुरालाही परदेशांत मेक्सिकन बर्ड ऑफ पॅराडाइज म्हणतात, मात्र त्याचा या कुळाशी काडीचाही संबंध नाही. याहून मोठी फसगत होते ती स्ट्रेलिट्झिया निकोलाय या पांढऱ्या फुलांच्या भाऊबंदामुळे. केळीसारख्या रुंद पानांमुळे तो दिवाणखान्यात शोभून दिसतो खरा, परंतु कित्येक मीटर उंच वाढून प्रौढ झाल्यावरच तो फुलत असल्यामुळे, घरातल्या कुंडीत त्याच्या फुलाची वाट पाहणे व्यर्थ होय. केशरी फुलांचे खरे झाड मीटर-दीड मीटरच्या वर सहसा जात नाही.

त्याच्या फुलाची रचना मोठी विलक्षण आहे. आपण जिला चोच समजतो ते एक आडवे, टणक आवरण असून त्यातून अनेक फुले एकामागून एक वर येतात; प्रत्येक फुलाची तीन दले केशरी असतात आणि निळ्या पाकळ्यांपैकी दोन जुळून बाणाचा आकार घेतात. मध प्यायला आलेला पक्षी या बाणावर बसला की त्याच्या भाराने पाकळ्या विलग होतात आणि आत दडलेला पराग त्याच्या पायांना चिकटतो. परंतु बागवानाने विशेष ध्यानात ठेवावी अशी गोष्ट याहून साधी आहे: फुलाचा दांडा पानाच्या बगलेतूनच निघतो. नवी, सुदृढ पाने निघत राहिली तरच फुलांना जागा मिळते, आणि पानाच्या कुशीत धरलेला कोंभ उपासमार झाली तर तेथेच जिरून जातो.

फूल न येण्याची कारणे पुढील क्रमाने तपासावीत. पहिले कारण वयाचे: बियांपासून केलेल्या रोपाला फुलायला तीन ते पाच वर्षे, क्वचित अधिकही, लागतात. दुसरे उजेडाचे: दिवसातून पाच-सहा तास प्रत्यक्ष ऊन मिळत नसेल तर पाने लांबतात आणि फुलांचा प्रश्नच उरत नाही, मात्र विदर्भ-मराठवाड्याच्या वैशाखात कोवळ्या रोपाला दुपारपुरता आडोसा द्यावा. तिसरे लागवडीचे: बुंधा मातीत खोल गाडला तर बहर लांबणीवर पडतो, म्हणून त्याचा माथा जमिनीच्या पातळीलाच राहावा. चौथे मुळांचे: त्यांना किंचित दाटी आवडते, तेव्हा फार मोठ्या कुंडीचा किंवा वरचेवर कुंडी बदलण्याचा सोस धरू नये. आणि पाचवे अतिउदारतेचे: नत्रयुक्त खताचा मारा केल्यास झाड पानांतच रमते; उन्हाळ्याच्या आरंभी आणि पावसाळा सरताना कुजलेले शेणखत दिले म्हणजे सामान्यतः भागते.

या झाडाची मुळे जाड व मांसल असून पाणी साठवून ठेवणारी आहेत. यास्तव त्याला तहानेपेक्षा जलसंचयाचे भय अधिक. देशावरच्या काळ्या जमिनीत पावसाळ्याचे पाणी दिवसचे दिवस साचून राहते, तेथे उंच गादीवाफ्यावर, वाळू आणि कंपोस्ट मिसळून लागवड करावी. कोकणच्या जांभ्या मातीत निचऱ्याची चिंता कमी, पण सेंद्रिय खताची गरज जास्त. खालची पाने एकदम पिवळी पडून बुंधा मऊ लागू लागला तर मुळे कुजत आहेत असे समजून झाड उपटावे, सडका भाग स्वच्छ सुरीने कापावा आणि कोरड्या मातीत पुन्हा लावावे. पाने आत वळली तर ती पाणी मागत आहेत. कडा तपकिरी होऊन करपल्या तर हवा फार कोरडी किंवा विंधन विहिरीचे पाणी क्षारयुक्त असण्याचा संभव. वाऱ्याने पाने चिरली तर तो रोग नव्हे.

खवले कीड आणि पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत दडून बसतात, आणि मुंग्यांची रांग दिसली की त्यांचा सुगावा लागतो. ओल्या फडक्याने पुसून सौम्य साबणाच्या पाण्यात कालविलेले निंबोळी तेल संध्याकाळी फवारले, आणि आठवड्याने त्याची पुनरावृत्ती केली, की बहुधा बंदोबस्त होतो.

बी धरायचे असल्यास आपल्याकडे बहुधा हातानेच पराग न्यावा लागतो. केशरी तुऱ्याचे टणक काळे बी घासून, दिवसभर पाण्यात भिजवून पेरले तरी उगवणीस महिने लागतात. केपटाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानात पिवळ्या फुलांचा एक वाण अशाच हस्तपरागीकरणाने वर्षानुवर्षे जोपासून सिद्ध केला गेला, आणि १९९६ साली त्याला नेल्सन मंडेला यांचे नाव देण्यात आले. सामान्य बागवानाने मात्र जुन्या, दाट झालेल्या झाडाचे फुटवे विभागून लावावेत. तेही स्थिरावून फुलायला एखाद-दोन वर्षे घेतात.

म्हणूनच या झाडाच्या बाबतीत सर्वांत मोठी निगा म्हणजे जागेची निवड. ती उन्हाची, निचऱ्याची आणि पुन्हा न बदलण्याजोगी असावी. कारण प्रत्येक स्थलांतराची किंमत एका बहराने मोजावी लागते, आणि एकाच जागी निवांत वाढलेले झाड दरसाल अधिक पाने आणि अधिक फुले देत राहते.