दंतवल्क व संयोजी ऊतकांचे विकार

दंतवल्क व संयोजी ऊतकांचे विकार : दाताच्या हिरडीबाहेरील भागावर जे कठीण आवरण असते त्यास दंतवल्क म्हणतात. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून त्यात वजनाने सु. ९६% खनिज द्रव्य असते. दंतवल्क भ्रूणाच्या बाह्यस्तरापासून बनते व पक्व दंतवल्कात कोलॅजेन (तंतुमय प्रथिन) नसते. म्हणून ते संयोजी ऊतक (शरीराच्या भागांना जोडणारा व आधार देणारा कोशिकासमूह) नव्हे. त्याखालील दंतिन व दात जबड्यास बांधणारे बंध मात्र कोलॅजेनयुक्त असतात. त्यामुळे संयोजी ऊतकांच्या विकारांत दंतवल्काची हानी बहुधा अप्रत्यक्षपणे होते.

आनुवंशिक विकार : अस्थिभंगुरतेत कोलॅजेन सदोष असल्याने काही रुग्णांचे दंतिन दुबळे राहते व दात निळसर करडे किंवा पिंगट दिसतात. वरचे दंतवल्क बहुधा चांगले असूनही आधाराअभावी त्याचे कपचे उडतात आणि उघडे पडलेले दंतिन झपाट्याने झिजते.

वयोमानानुसार परिणाम : दंतवल्क निर्माण करणाऱ्या कोशिका दात उगवताना नष्ट होतात, त्यामुळे झिजलेले दंतवल्क पुन्हा तयार होत नाही. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट यांमुळे पृष्ठभागातील खनिजाची थोडी भरपाई होते, एवढेच. श्योग्रेन लक्षणसमूहात (हेन्‍रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये वर्णिलेला विकार) लाला ग्रंथी निकामी होत जाऊन हे संरक्षणही कमी होते. हा विकार मुख्यतः मध्यम वयाच्या स्त्रियांत आढळतो. तोंडातील पीएच मूल्य (अम्लता दर्शविणारा अंक) सु. ५.५ च्या खाली गेल्यास दंतवल्क विरघळू लागते.

नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यासारख्या संत्र्यांच्या प्रदेशात ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. निरोगी व्यक्तीने जेवणानंतर संत्रे खाल्ल्यास लाळ त्यातील अम्ल लवकर निष्प्रभ करते. परंतु तोंडाची कोरड घालविण्यासाठी दिवसभर फोडी चोखणाऱ्या रुग्णाच्या दातांवर सायट्रिक अम्ल दीर्घकाळ राहते.

प्रतिबंध : कोरडीवर वारंवार साधे पाणी प्यावे. आंबट खाल्ल्यावर चूळ भरावी, पण लगेच दात घासू नयेत. राखुंडी व मिश्री टाळून फ्ल्युओराइडयुक्त दंतधावन वापरावे. तोंडाबरोबर डोळेही सतत कोरडे राहत असल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. कारण अशा वेळी केवळ दातांवर उपचार करून मूळ विकार आटोक्यात येत नाही.