एएच्या मीटिंगला जायचंय, पण कोणी ओळखलं तर?

दारू सोडायची असते, पण ‘तिथं कोणी ओळखीचं भेटलं तर?’ या विचारानं पाय अडतात. भेटलंच, तर तेही बहुधा दारू सोडायलाच आलेलं असतं.

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे ‘एए’ची अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, आडनाव सांगायची गरज नाही. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं.

जवळचा गट कसा शोधाल? एएची वेबसाइट बघा, व्यसनमुक्ती केंद्रात विचारा किंवा १४४४६ या सरकारी टोल-फ्री हेल्पलाइनवर मदत मागा. घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’चे वेगळे गट असतात.

एक काळजी घ्या : रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरांना भेटा.