पृथ्वीच्या हवामानाचा पंचनामा

गारपिटीनें उभें पीक आडवें झालें म्हणजे प्रथम पंचनामा होतो. पंचनामा म्हणजे भरपाईचा हुकूम नव्हे. हुकूम देणारे अधिकारी निराळे. तथापि पंचनाम्यावांचून हुकूम निघत नाहीं, आणि ज्या कागदावर पंचांच्या सह्या झाल्या तो मागाहून कोणास सहजासहजीं नाकारतां येत नाहीं. सर्व पृथ्वीच्या हवामानासंबंधानेंही असाच एक पंचनामा सन १९९० पासून वेळोवेळीं होत आला आहे. तो कसा होतो व त्यावरून राष्ट्रांचे ठराव कसे बनतात, हें आमच्या वाचकांनीं समजून घेणें अवश्य आहे. कारण पाऊस लांबला अथवा एकदम कोसळला तर त्याचा भार प्रथम शेतकऱ्यावरच पडतो.

हें काम करणारें मंडळ सन १९८८ मध्यें जागतिक हवामान संघटना व संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम या दोन संस्थांनीं मिळून स्थापन केलें. त्याचें नांव ‘आंतरसरकारी हवामानबदल मंडळ’. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘आयपीसीसी’ म्हणतात. हें मंडळ स्वतः नवें संशोधन करीत नाहीं. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलेले निबंध पारखून, त्यांत खात्रीचें किती व संशयाचें किती, हें तें निवडून सांगतें. लेखकांस मंडळाकडून वेतन मिळत नाहीं. सन २०२१ मध्यें निघालेल्या सहाव्या अहवालाच्या पहिल्या खंडास २३४ लेखक होते. त्यांनीं १४,००० हून अधिक निबंधांचा आधार घेतला, आणि मसुद्यांवर आलेल्या सुमारें ७८,००० हरकती व सूचनांचा विचार केला.

राज्यकर्त्यांसाठीं अहवालाचा जो सारांश काढतात, तो सरकारांचे प्रतिनिधि व लेखक एकत्र बसून ओळीनें ओळ वाचतात, आणि सर्वांची संमति पडल्यावरच ती ओळ कायम होते. यामुळें भाषा कधीं कधीं सौम्य होते, हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु लाभ मोठा आहे. ज्या सरकारनें ओळ मान्य केली, त्यास पुढें वाटाघाटींत ‘हें आम्हांस ठाऊक नव्हतें’ असें म्हणण्यास तोंड राहत नाहीं. अमुक करा असा हुकूम मंडळ देत नाहीं. अमुक केल्यास अमुक होईल, एवढेंच तें सांगतें.

सन १९९० च्या पहिल्या अहवालानंतर १९९२ मध्यें राष्ट्रांचा मूळ हवामान करार झाला; १९९५ च्या दुसऱ्या अहवालानंतर १९९७ मध्यें क्योटोचा करार झाला; २०१३-१४ च्या पांचव्या अहवालानंतर २०१५ मध्यें पॅरिसचा. पॅरिस येथें लहान बेटांच्या राष्ट्रांनीं आग्रह धरला कीं, पृथ्वीची तापमानवाढ दीड अंश सेल्सिअसच्या आंत ठेवावी. तेव्हां दोन अंशांच्या पुष्कळ खालीं राहावें व दीड अंशासाठीं प्रयत्न करावा, असें ठरलें. आणि दीड अंशाच्या वाढीचे परिणाम व तेथें थांबण्याचे मार्ग कळवावे, अशी विनंती मंडळास झाली.

हा खास अहवाल ऑक्टोबर २०१८ मध्यें दक्षिण कोरियांतील इंचिऑन येथें मंजूर झाला. दीड अंशावर थांबावयाचें तर कार्बन डायऑक्साइड वायूचें उत्सर्जन २०१० च्या मानानें २०३० पर्यंत सुमारें ४५ टक्के घटवावें, व २०५० च्या सुमारास तें निव्वळ शून्यावर आणावें, म्हणजे जितका वायु हवेंत सोडला तितका काढून घेतला जावा, असा त्याचा निष्कर्ष होता.

दोन महिन्यांनीं पोलंडांतील कातोवित्से येथें राष्ट्रांची परिषद भरली. तेथें या अहवालाचें ‘स्वागत’ करावें कीं त्याची केवळ ‘नोंद’ घ्यावी, या एका शब्दावर वाद माजला. अमेरिका, रशिया, सौदी अरेबिया व कुवेत हीं राष्ट्रें ‘नोंदी’वर अडून बसलीं. ज्यांनीं सरकारी दफ्तर पाहिलें आहे, त्यांस ‘नोंद घेतली’ या शेऱ्याचा अर्थ सांगावयास नको. अखेरीस अहवाल वेळेवर पुरा झाला याबद्दल परिषदेनें स्वागत केलें, आणि वाद मिटविला. परंतु कागद कायम राहिला. सन २०२१ मध्यें ग्लासगोच्या ठरावांत तेच ४५ टक्के व शतकाच्या मध्यास निव्वळ शून्य हे आंकडे आले. त्याच परिषदेंत भारतानें २०७० पर्यंत निव्वळ शून्य गांठण्याचें जाहीर केलें.

पंचनाम्यांत चूकही होते. हिमालयांतील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहींशा होऊं शकतील, असें विधान २००७ च्या अहवालांत पुरेशा आधारावांचून शिरलें होतें. सन २०१० मध्यें मंडळानें तें चुकीचें असल्याचें कबूल केलें व तपासणीचे नियम पुढें कडक झाले. चूक उघड करून दुरुस्त करणारें दफ्तर हेंच विश्वासास पात्र, असें आम्ही समजतों.

मात्र ठरावाइतकी अंमलबजावणी झालेली नाहीं. सन २०२४ या एका वर्षाची तापमानवाढ सुमारें १.५५ अंश भरली, असें जागतिक हवामान संघटनेनें जाहीर केलें. दीड अंशाची मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीवर मोजतात, म्हणून ती कायमची ओलांडली असें होत नाहीं. पण अंतर थोडें उरलें आहे. तापमान एक अंश वाढल्यास एका दिवसांत कोसळणाऱ्या अतिवृष्टीचा जोर सुमारें ७ टक्के वाढतो, असें सहावा अहवाल सांगतो. बांध, ताली, चर व पिकांचा विमा यांची आंखणी जुन्या पावसाच्या हिशेबावर करून यापुढें भागणार नाहीं.

शेवटीं एक सूचना. आफ्रिकेच्या कित्येक भागांविषयीं मोजमापाच्या नोंदी अपुऱ्या असल्यानें निश्चित मत देतां येत नाहीं, असें त्याच अहवालांत नमूद आहे. जेथें नोंद नाहीं, तेथील नुकसान पंचनाम्यांत येत नाहीं. यास्तव आमच्या शेतकरी बांधवांनीं गांवोगांवीं पर्जन्यमापक ठेवून, पाऊस, पेरणी व उत्पन्न यांची तारीखवार वही ठेवावी. आणि लोकप्रतिनिधि दारीं येतील तेव्हां, ग्लासगोच्या ठरावाप्रमाणें आमच्या तालुक्यांत काय केलें, हें त्यांस नम्रपणें परंतु न चुकतां विचारावें.