आकाशाच्या नोंदीचे ‘निदान’

सुत्तपठण ऐकत वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे की, सुत्ताचा आरंभ एकदम उपदेशाने होत नाही. हे वचन ऐकलेले आहे, आणि त्या समयी तथागत अमुक नगरीत, अमुक विहारात वास करीत होते, असे प्रथम सांगितले जाते. या प्रास्ताविकास पाली परंपरेत ‘निदान’ म्हणतात. खगोलशास्त्रातील निरीक्षणाच्या फाइलीसही असेच निदान जोडलेले असते.

दुर्बिणीने टिपलेले चित्र म्हणजे वस्तुतः आकड्यांचा तक्ता. कोणत्या चौकटीत किती प्रकाश पडला, एवढेच तो सांगतो. ती चौकट आकाशात कोठे आहे, हे त्यावरून कळत नाही. यासाठी जगभर ‘फिट्स’ ही फाइल-रचना वापरली जाते. ती 1981 साली प्रसिद्ध झाली. फाइलीच्या आरंभी साध्या रोमन अक्षरांत शीर्षनोंद असते. तिची प्रत्येक ओळ नेमकी 80 अक्षरांची. जुन्या संगणकांच्या छिद्रपत्रिकांचे हे माप आजही टिकून आहे.

स्थाननोंदीची रीत सुटसुटीत आहे. चित्रातील एक बिंदू निवडून त्याचे विषुवांश व क्रांती, म्हणजे आकाशातील रेखांश-अक्षांशच म्हणा, लिहितात. एका चौकटीत आकाशाचा किती कोन मावतो आणि चित्र किती फिरलेले आहे, हेही नोंदवितात. उरलेल्या चौकटींचा पत्ता मग गणिताने निघतो. मात्र पृथ्वीचा अक्ष संथपणे डोलत असल्याने ही मापनजाळीच दरवर्षी सुमारे 50 विकला सरकते. 1950 ची जाळी आणि 2000 ची जाळी यांत जवळजवळ 0.7 अंशाचा फरक पडतो, आणि पूर्णचंद्राची रुंदी तर अवघा अर्धा अंश! जाळी कोणत्या वर्षाची, ही एक ओळ राहिली तर दुर्बीण भलत्याच जागी रोखली जाईल.

दुसरी नोंद वंशावळीची. मूळ आकड्यांवर कोणत्या आज्ञावलीने कोणता संस्कार केला, हे ‘हिस्टरी’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींत क्रमाने लिहावयाचे असते. हे लिहिण्याची सक्ती नाही, आणि माझ्या मते या व्यवस्थेतील दुबळी जागा हीच. केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. परंतु पडताळण्यासाठी आधी नोंद तर हवी.

तिचे मोल आपल्या नारायणगावजवळील खोडद येथे दिसून आले. तेथील 30 तबकड्यांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने 2010 ते 2012 या काळात 150 मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशाचे सर्वेक्षण केले. जतन केलेल्या त्या निरीक्षणांवर पुढे वेगळ्या संशोधकांनी नव्या पद्धतीने संस्करण केले आणि 2017 साली सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. दुर्बीण कधी, कोठे आणि कोणत्या कंप्रतेवर रोखली होती, हे आकड्यांसोबत टिकले नसते, तर ती साठवण निरुपयोगी ठरली असती.

या सर्वेक्षणाची चित्रे फिट्स फाइलींच्या रूपात सर्वांना खुली आहेत. अशी फाइल संगणकावरील साध्या मजकूर-संपादकात उघडली, तरी आरंभीची शीर्षनोंद वाचता येते. त्यापुढे दिसणारी अगम्य चिन्हे म्हणजे निरीक्षणाचे आकडे होत.