ल्वारकाठची सायकलवाट

सायकल आपल्या घरातलीच. दुधाच्या किटल्या अडकवून डेअरी गाठणारी, बाजाराच्या पिशव्या वाहणारी, पोरांना शाळेत नेणारी. पण कॅरिअरच्या दोन्ही अंगांना पिशव्या बांधून आठ-पंधरा दिवस मुलूख पाहायला निघायचे आणि वाटेत शेतकऱ्याच्याच घरी मुक्काम करायचा, अशी रीत फ्रान्समध्ये चांगली रुजली आहे. अशाच एका वाटेने आज तुम्हाला न्यायचे आहे. ही वाट ल्वार नदीच्या काठाने, द्राक्षांच्या गावांतून जाते. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना तिथे ओळखीच्या खुणा जागोजाग भेटतील.

नदी आणि तिचा बांध

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, सुमारे १,००० किलोमीटरची. दक्षिणेकडच्या डोंगरात उगम पावून ती उत्तरेला जाते, ऑर्लेआँ शहराजवळ पश्चिमेला वळते आणि शेवटी अटलांटिक महासागराला मिळते. उन्हाळ्यात तिचे पात्र रोडावते, मध्ये वाळूची बेटे उघडी पडतात. पण कोपली की तिचा नेम नाही. १८४६, १८५६ आणि १८६६ अशा वीस वर्षांत तीन महापुरांनी तिने काठची गावे बुडवली. जुन्या घरांच्या भिंतींवर त्या पुरांच्या पाण्याच्या रेघा आणि सालं कोरलेली अजून दिसतात.

या पुरापासून शेते वाचावीत म्हणून तिथल्या लोकांनी शेकडो वर्षांपासून काठाने मातीचे बांध घातले, पुढे ते वाढवत नेले. आजची सायकलवाट बऱ्याच ठिकाणी याच बांधांवरून जाते. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला खालच्या अंगाला भाजीपाल्याची शेते आणि गावे. १९९० च्या दशकात ही वाट आखायला घेतली. आज ती सुमारे ९०० किलोमीटर लांब आहे. काही ठिकाणी ती फक्त सायकलींसाठी राखलेली आहे, तर काही ठिकाणी गावातल्या शांत रस्त्याने जाते. चढ फारसा नाही, त्यामुळे लहान मुले आणि साठी ओलांडलेली माणसेही या वाटेवर दिसतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची, ती म्हणजे वारा. तो बहुधा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. रेल्वे येण्याआधी इथली मालवाहतूक सपाट बुडाच्या होड्यांतून चाले. खाली जाताना प्रवाह साथ देई, वर येताना शिडात हाच वारा भरून घेत. सायकलवाल्यालाही तोच हिशेब लागू. समुद्राकडून वर निघाले तर वारा पाठीशी, उलट निघाले तर तोंडावर. थकवा आलाच, तर उन्हाळ्यात या काठाच्या काही रेल्वेगाड्यांत सायकली ठेवायची खास सोय असते.

दगडाच्या पोटातली घरे

रोज चाळीस-पन्नास किलोमीटर तोडायचे म्हटले, तर प्रवास आरामात होतो. ब्ल्वा गावापासून आंब्वाझ साधारण चाळीस किलोमीटर, तिथून तूर शहर पंचवीस-तीस. वाटेत राजेरजवाड्यांचे वाडे आणि किल्ले पुष्कळ. प्रसिद्ध चित्रकार लिओनार्दो दा विंची १५१९ मध्ये आंब्वाझलाच वारला. ल्वारच्या या खोऱ्याचा मोठा पट्टा २००० साली जागतिक वारशाच्या यादीत गेला.

पण वाड्यांपेक्षा शेतकऱ्याचा डोळा दुसरीकडे जाईल. तूरच्या अलीकडे व्हूव्रे हे गाव लागते. नदीच्या कडेला पांढऱ्या मऊ चुनखडीचा कडा उभा आहे. वाडे बांधायला हा दगड काढला आणि मागे खाणींची मोठी भुयारे उरली. लोकांनी ती वाया जाऊ दिली नाहीत. काहींनी दारे-खिडक्या लावून त्यांत घरे केली. बागायतदारांनी त्यांत वाईन ठेवायची तळघरे केली, कारण आत उन्हाळा असो की हिवाळा, हवा साधारण बारा अंशांवर राहते. विजेवाचून मिळालेली ही शीतगृहेच. पुढे सोम्यूर गावाच्या बाजूला अशाच भुयारांत अळिंबीची शेती चालते.

ओळखीची वेल

व्हूव्रेच्या बागांत मुख्यतः शेनिन ब्लाँ जातीचे पांढरे द्राक्ष असते. ही जात ल्वारकाठचीच. आज आपल्या नाशिक भागातही वाईनसाठी याच जातीच्या बागा उभ्या आहेत. फरक आहे तो हवामानाचा. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या. तिकडे हिवाळ्यात पाने गळून वेल झोपी जाते, तेव्हा मुख्य छाटणी एकदाच. वसंतात डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. मांडव नाही, तारांवर कमरेएवढ्या वेलींच्या ओळी. काही बागांत तोडणी यंत्राने होते, तर काही बागांत घड जसजसे पिकतील तसतसे दोन-तीन फेऱ्यांत हातानेच तोडतात.

या बागांनी भोगलेही कमी नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधल्या वेलींची मुळे खाल्ली, बागांमागून बागा वाळल्या. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या रानटी वेलीचा खुंट घ्यायचा आणि त्यावर आपल्या जातीचे कलम बांधायचे. आपण डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो, तोही अमेरिकी वेलीचाच खुंट. आपल्याकडे तो वापरतात क्षार आणि पाण्याच्या टंचाईला तोंड द्यायला, पण कलमाची युक्ती तीच.

त्यामागून डावणी आली. ल्वारच्या दक्षिणेला बोर्डो प्रांतात रस्त्याकडेच्या वेलींना वाटसरूंनी हात लावू नये, म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या निळ्या पानांवर डावणी येत नाही, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. आपल्या पंपात जाणारे बोर्डो मिश्रण ते हेच.

आणि थंडीचा धाक तर दरसालचाच. २०२१ च्या मार्चमध्ये ऊब पडून डोळे लवकर फुटले आणि एप्रिलच्या सुरुवातीला कडाक्याचे हिमतुषार पडले. रात्र रात्र जागून लोकांनी ओळींमध्ये मेणाचे डबे आणि गवत पेटवले, तरी फ्रान्सभर बागा करपल्या. निफाडला पारा उतरला की बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या आपल्या माणसांना त्या रात्री कशा गेल्या असतील, हे सांगायला नको.

गिऱ्हाईक दाराशी

मग लहान बागायतदार टिकतो कसा? एक आधार गावाच्या नावाचा. १९३६ मध्ये व्हूव्रेच्या वाईनला कायद्याने नाव मिळाले. ठरलेल्या शिवारातले, ठरलेल्या जातीचे द्राक्ष असेल, तरच बाटलीवर ते नाव. एकरी किती माल काढायचा, यालाही मर्यादा. माल कमी निघतो, पण गावाची पत राहते.

दुसरा आधार वाटसरूचा. युद्धानंतर फ्रान्सची खेडीही ओस पडू लागली होती, तरुण शहराकडे चालले होते. तेव्हा रिकामी घरे दुरुस्त करून शहरातल्या कुटुंबांना सुट्टीत भाड्याने द्यावीत, असा विचार निघाला. १९५१ मध्ये आल्प्सच्या डोंगरी भागात असे पहिले घर उघडले आणि १९५५ मध्ये अशा घरमालकांचा देशव्यापी संघ उभा राहिला. ल्वारकाठी आता ही घरे सायकलवाल्यांनाही ठेवून घेतात. राहत्या घरात पाहुणे ठेवायचे, तर पाच खोल्या आणि पंधरा माणसे ही कायद्याची मर्यादा आहे. सकाळची न्याहारी त्यातच. ‘सायकलस्वारांचे स्वागत’ अशी पाटी हवी असेल, तर घर वाटेपासून पाच किलोमीटरच्या आत लागते, सायकलींना कुलूपबंद जागा लागते आणि पंक्चर काढायचे सामान लागते.

बागेच्या दाराशी पाटी असते : चव पाहा, विकत घ्या. मालक किंवा मालकीण स्वतः तळघर दाखवते, वेलीची हकिगत सांगते. सायकलवर बाटल्यांचे ओझे नको, म्हणून काहीजण खोकी घरपोच पाठवतात. मध्ये व्यापारी नाही, पैसा घरच्या हाती.

इथे दारूची भलामण करायची नाही. फ्रान्सनेही १९९१ मध्ये कायदा करून मद्याच्या जाहिरातींना आळा घातला, आणि पिऊन सायकल चालवणाऱ्याला तिथे दंडही होतो. घ्यायचे ते विकण्याच्या रीतीतले.

आपल्यापुरते

महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले. त्यासाठी प्रत्येकाने वाडा बांधायला नको. ल्वारकाठच्या घरात पाहुण्याला मिळते ते साधेच असते : स्वच्छ खोली, स्वच्छ संडास, प्यायला चांगले पाणी, घरचे खाणे आणि शेताविषयी बोलायला वेळ असलेला माणूस. यातले बहुतेक काम घरातल्या बाईच्या हातून होते, तेव्हा येणाऱ्या पैशातही तिचा हिशेब वेगळा हवा.

बेदाणा असो, गूळ असो, नाहीतर हळद, आपल्या मालाच्या पुडीवर गावाचे नाव घाला आणि त्या नावाला जपा. बोर्डोच्या शेतकऱ्याने वाटसरूच्या भीतीने रस्त्याकडेच्या वेली निळ्या केल्या. आज ल्वारकाठचा शेतकरी त्याच वाटसरूला आत बोलावतो. तुमचे शेत रस्त्याला लागून असेल, तर बांधावर पाटी लावायला किती खर्च येतो, एवढे या आठवड्यात घरात बसून काढून पाहा.