कळ आणि अक्षर

जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे तहसिलीचे गाव. तेथील कोणी अर्जदार संगणकावरील अर्जात ‘लक्ष्मण’ हे नाव देवनागरीत लिहू लागला, असे समजा. वाचणाऱ्याला ती तीन अक्षरे. संगणकाच्या हिशेबी मात्र ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, ण अशी सात चिन्हे होत. पानामागे राबणारी जावास्क्रिप्ट ही १९९५ सालची आज्ञाभाषा. तिला हे लेखन कळते कसे?

कळ खाली जाताच ब्राउझर ‘कीडाऊन’ ही वर्दी देतो, वर येताच ‘कीअप’. वर्दीतील ‘कोड’ कळेची जागा सांगतो; ‘की’ सांगते ते तिच्यातून उमटलेले चिन्ह. इन्स्क्रिप्ट पद्धतीत इंग्रजी के या अक्षराच्या कळेतून ‘क’ उमटतो, कोड मात्र ‘कीके’च राहतो. जुना ‘कीकोड’ हा आकडा या दोहोंत घोटाळा करी. तो आता त्याज्य ठरला आहे.

ए ते झेड एवढ्याच कळा मानणारी आज्ञावली लिहिणे सोपे, आणि तसे लिहिणारे पुष्कळ! त्यांच्या पानावर लक्ष्मणास स्वतःचे नावही लिहिता येत नाही. अँड्रॉइडचा कळफलक तर बहुधा प्रत्येक अक्षरासाठी २२९ हा एकच आकडा पुढे करतो. माउसने चिकटवलेल्या मजकुराला कळेची वर्दीच नसते. यास्तव नावगाव टिपायचे असेल तेथे ‘इनपुट’ या वर्दीकडे लक्ष द्यावे. रकान्यातील मजकूर बदलला, हे ती सांगते. तो कोणत्या मार्गाने आला याची तिला पर्वा नाही. कीडाऊन राखावी ती एंटर, एस्केप आणि बाणांच्या कळांसाठी. तेथेही आधी ‘इझकम्पोझिंग’ पाहावे. नाहीतर शब्दाची जुळणी चालू असतानाच दाबलेल्या एंटरने अर्धवट नावाचा अर्ज रवाना होतो.