सेन्सर गप्प आहे, म्हणजे मागे कोणी नाही?

गाडी रिव्हर्समध्ये टाकली की टीं-टीं वाजायला लागतं, त्या पार्किंग सेन्सरबद्दल आज आपण बोलूया. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या कारमध्ये मागचे सेन्सर सक्तीचे झाले. त्यामुळे आता अगदी छोट्या गाडीच्या बंपरवरही त्या गोल टिकल्या दिसतात.

या टिकल्यांना दिसत काहीच नाही, त्या ऐकतात. प्रत्येक टिकली साधारण ४० किलोहर्ट्झचा किंवा त्याहून थोडा वरचा आवाज सोडते. आपला कान २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, म्हणून आपल्याला तो कळत नाही. आवाज भिंतीवर आदळून परत आला की लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. भिंत एक मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मिलिसेकंदही लागत नाहीत.

आता मेख इथेच आहे. प्रतिध्वनी परत आला, तरच सेन्सरला काही कळणार. समोर सपाट भिंत असेल तर उत्तम. पण तिरक्या पत्र्यावरून आवाज भलतीकडेच निघून जातो, कॅरमचा स्ट्रायकर कडेला तिरका लागल्यावर जातो तसा. बारीक सळई किंवा साखळी फारच थोडा आवाज परत पाठवते. जाड लोकरी कपडा तो शोषून घेतो. ठेंगणा दगड लांबून कळतो, पण गाडी जवळ गेली की तो आवाजाच्या झोताखाली जातो आणि इशारा चक्क थांबतो! उघड्या गटाराचं तर बोलायलाच नको, तिथे आवाज आदळणार कशावर? शिवाय टिकलीवर चिखल बसला असेल तर तिचं ऐकणंच बिघडतं.

अगदी जवळचंही नीट मोजता येत नाही. आवाज सोडल्यावर टिकलीचा पडदा घंटेसारखा क्षणभर थरथरत राहतो. तेवढ्यात परत आलेला आवाज त्याला वेगळा ओळखू येत नाही.

आता वेळेचा हिशेब करूया. ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर. दीड मीटरवर इशारा वाजला, तर ब्रेक दाबायला आपल्या हातात जेमतेम एक सेकंद उरतो.

हे सगळं एकत्र करा आणि गाडीमागे चेंडू उचलायला वाकलेलं लहान मूल डोळ्यांसमोर आणा. बुटकं, मऊ कपड्यातलं, एका जागी न थांबणारं. सेन्सर वाजेलही, नाहीही. तो गप्प असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की त्याच्यापर्यंत प्रतिध्वनी आला नाही. मागे कोणी नाही, असं तो कधीच सांगत नसतो.

म्हणून गाडीत बसण्याआधी एक फेरी मारायची, घरातली पोरं कुठे आहेत ते विचारायचं, काच खाली करायची, आरसे बघत हळूहळू मागे यायचं. टिकल्या फडक्याने पुसायला दहा सेकंद लागतात, तेही करायचं.

आता तुमचे प्रश्न घेऊया.